बाबांचा बारका बुरुश

आमच्या घरात ब्रश आणि बुरुश हे दोन वेगळे शब्द होते. दात घासायचा तो ब्रश. बुरुश मात्र एकच, बाबांचा: तारेला पीळ घालून त्यात केस धरलेले, टोकाला केसांचा झुपका, आणि धरायला तारेचाच वळसा. ज्या भांड्यात हात जात नाही ते आतून धुवायला तो लागतो. लोक त्याला बाटलीचा ब्रश म्हणतात. लहानपणी एकदा बाबांनी बुरुश मागितला आणि मी दातांचा नेऊन दिला, तर ते म्हणाले, "मास्तरच्या घरी जलमली असती त चाललं असतं. माह्या घरी जलमून तुले बुरुश समजत नाई?"

बाबा आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते. कागदावर परिचर, बोलताना 'लॅबवाले भाऊ'. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या, चंबू, ब्युरेट आणि पिपेट धुतले. मुलं प्रॅक्टिकल करून जायची, नळ्यांच्या बुडाशी निळं-पिवळं काहीतरी चिकटवून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नळ्या स्टँडवर उलट्या, कोऱ्या उभ्या असायच्या. मधे कुणाचा हात फिरून गेला हे त्या मुलांनी कधी विचारलं नाही. मीही विचारलं नसतं, तो हात घरचा नसता तर.

मला बुरुश धरायला शिकवला तो जवसाच्या तेलाच्या बाटलीवर. सात-आठ वर्षांची असेन. मी मूळची धसमुसळी, अजूनही आहे. बुरुश आत घातला आणि दिला जोर. तारेचं टोक बुडावर आपटलं आणि बाटलीचं बूड निखळून न्हाणीत पडलं. आई ओरडली. बाबा ओरडले नाहीत, त्यांना ओरडता यायचंच नाही. त्यांनी दुसरी बाटली घेतली, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "ढकलू नोको, फिरव. ढकलल्यानं मळ निघत नाई, भांडं फुटते."

मग बाटली स्वच्छ पाण्यानं विसळून त्यांनी उजेडात धरली. "पाह्य. पानी सरसर उतरलं पाह्यजे. कुठी थेंब थांबला का समजाचं, तिथी मळ हाये. डोळ्याले दिसत नसला तरी हाये." मी पाहिलं तर खरंच एका जागी थेंब अडून बसला होता. बाबांनी तिथं बुरुश फिरवला, पुन्हा विसळलं, आणि या वेळी पाणी खालपर्यंत निमूट गेलं. पुढं मी कुठंही काचेचा ग्लास हातात घेतला की आधी थेंब पाहायचे. माझ्या सासरी ही सवय कुणाला आवडली नाही. सासर फार टिकलं नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात बुरुश नाही.

बाबांना या कामाची लाज नव्हती, उलट थोडी ऐटच होती. ती कुठून आली हे मला आजीमुळं कळलं. आजी, म्हणजे बाबांची आई, सांगायची की तिच्या लहानपणी गावातल्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कुणी दया केली तर वरून पाणी ओतायचं, खाली ओंजळ धरायची, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. त्याच आजीचा मुलगा पुढं कॉलेजातली सगळी भांडी आतून-बाहेरून हाताळत होता, आणि त्यानं धुतल्याशिवाय कुणाचाच प्रयोग पुढं जात नव्हता. बाबा हे कधी भाषण करून बोलले नाहीत. चौदा एप्रिलला मिरवणुकीत पांढरा सदरा घालून चालायचे आणि दुसऱ्या दिवशी नळ्या धुवायचे. पण एकदा नव्या प्राध्यापकांनी घाईत स्वतःच एक नळी विसळून घेतली, तर बाबांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "सर, तुमच्या धुण्यानं उत्तर चुकन." हे त्यांनी घरी येऊन आम्हाला तीन वेळा सांगितलं.

त्यांचा आणखी एक नियम होता. बुरुश कितीही चांगला असो, एकदा त्यानं केस सोडायला सुरुवात केली की तो फेकायचा. "एक केस आत राह्यला त आख्खा प्रयोग गेला. बुरशावर माया नाई करायची." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की आई भांडी घासताना आम्ही दोघी ते नक्कल करून म्हणायचो आणि हसायचो.

निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं त्यांना शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी साहेबांना विचारून स्वतःहून एकच वस्तू मागून घेतली. सगळ्यात बारक्या नळ्यांचा बुरुश. करंगळीपेक्षाही बारीक, डुकराच्या केसांचा, काळपट. घरी आणून त्यांनी तो न्हाणीपाशी खिळ्याला अडकवला. आमच्या घरात एवढ्या बारीक तोंडाचं भांडं एकही नव्हतं. आईनं विचारलं, "ह्याचं आता कोनतं काम हाये?" बाबा म्हणाले, "राहू दे. लटकते न फकस्त."

आता खर्ऱ्याचं सांगायला हवं. ते सांगायचं टाळत मी इथवर आले.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं पाहुणा आला की पाण्याच्या पाठोपाठ खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात, घालून घासायचं, घासत राहायचं, तिन्ही एक होईपर्यंत. याला घोटणं म्हणतात. घरात ज्याचा हात बसला त्याच्याकडं ते काम जातं. आमच्या घरात माझा हात बसला होता. बाबा पानठेल्यावरून पुडी आणायचे, मी सपरीत, म्हणजे ओसरीवर, माझ्या शाळेच्या जुन्या पाटीवर ती घोटायचे. धसमुसळेपणा तिथं कामाला आला. मी घोटलेला खर्रा मऊ व्हायचा, दाढेखाली खडा लागायचा नाही. बाबा पाहुण्यापुढं पन्नी धरून म्हणायचे, "घे गा, पोरीनं घोटला हाये," आणि मी दाराआड उभी राहून ते ऐकायचे. शाळेत मला कधी बक्षीस मिळालं नाही. माझं बक्षीस तेवढंच होतं. लग्न करून गेले तेव्हा सुटलं, परत आले तेव्हा पुन्हा सुरू झालं. ड्यूटीवरून आल्यावर चहा व्हायच्या आत पाटी मांडीवर घ्यायचे. कुणी सांगायचं नाही. मला आवडायचं.

मी एसटीत कंडक्टर आहे. चंद्रपूर-सिरोंचा गाडीवर बरीच वर्षं काढली. माझा आवाज असा की आलापल्लीच्या स्टँडवर हाक दिली तर अहेरीचा प्रवासी उठून उभा राहतो, असं आमचे ड्रायव्हर भाऊ म्हणतात. बाबांचा आवाज पहिल्यापासून बारीक. आई म्हणायची, वाटणीत बापाचा हिस्सा पोरीनं उचलला. म्हणून बाबांचा आवाज बसला तेव्हा महिना-दीड महिना कुणाच्या लक्षात आलं नाही. सर्दी झाली असेल. मग घोट गिळताना ते डोळे मिटायला लागले. मग एके दिवशी जेवणाचं ताट त्यांनी हातानं पुढं सरकवलं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आत पाहिलं आणि मला बाहेर बोलावून पहिला प्रश्न विचारला, "खर्रा खातात का?"

मी "हो" म्हटलं. किती वर्षांपासून, हे विचारलं तेव्हाही उत्तर दिलं. कोण घोटून देतं, हे त्यांनी विचारलं नाही. ते विचारायचं काम माझ्याकडंच राहिलं.

घशात गाठ होती. श्वास अडायला लागला म्हणून गळ्याला भोक पाडून त्यात धातूची नळी बसवली. एक नळी बाहेरची, ती गळ्यातच राहते. तिच्या आत दुसरी, वाकडी, चकचकीत. ती दिवसातून तीन-चार वेळा काढायची, आतून धुवायची, उकळायची आणि परत घालायची. नाही धुतली तर कफ सुकून श्वास कोंडतो. नर्सबाईंनी ती आतली नळी माझ्या हातात दिली आणि वाकणावरचं एक बारीक भोक दाखवलं.

"ताई, ही खिडकी. बाहेरून नळीच्या तोंडावर बोट ठेवलं का हवा या खिडकीतून वर जाते अन् आवाज निघते. खिडकी बुजली त श्वास चालू राहीन, पन आवाज बंद. ध्यानात ठेवजा."

मग त्यांनी बाबांना बोट ठेवायला लावलं. बाबांनी बोट ठेवलं, छाती ओढली, आणि घासलेल्या भांड्यासारखा खरखरीत आवाज आला. अकरा दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "आज सिरोंच्याची गाडी कोन नेली?"

मी वऱ्हांड्यात जाऊन रडले. जोरात रडले, माझ्याच आवाजात. वॉर्डबॉय पाहायला आला.

निघताना नर्सबाईंनी नळी साफ करायचा छोटा पांढरा नायलॉनचा ब्रश दिला, पुडक्यात बंद. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मी नळी काढली, न्हाणीपाशी नेली, आणि माझी नजर खिळ्यावर गेली. बाबांचा बारका बुरुश. काढून पाहिला तर नळीत असा बसला की जसा तिच्यासाठीच केलेला. मी पळत बाबांकडं नेला. "बाबा, लटकत होता न फकस्त? पाहा आता." बाबांनी तो घेतला, केसांवरून अंगठा ओढून पाहिला, एक केस सुटला नाही. तेव्हा हसले आणि मान हलवली. आजवर लोकांच्या नळ्या धुतल्या त्यानं, आता मालकाची धुवायची होती. मला त्यात काहीतरी फार चांगलं वाटलं. नायलॉनचा ब्रश मी पुडक्यासकट पेटीत ठेवून दिला. घर साधं, माणसं साधी, पण वस्तू वापरायच्या आधी जपायची खोड आम्हाला सगळ्यांना आहे.

पहिले काही दिवस बाबा स्वतः पाहायचे. मी बुरुश घातला की त्यांची बोटं हवेत फिरायची: ढकलू नोको, फिरव. मी म्हणायचे, "फिरवून राह्यली न, बाबा. तुमची नजर काऊन हातावर? बसभर लोक माह्यावर नजर ठेवतेत, घरी तुमी." विसळून झाल्यावर मी नळी खिडकीकडं धरायचे आणि त्या भोकातून उजेड आरपार येतो का पाहायचे. आरपार दिसलं की बाबांना दाखवायचे. ते बोट ठेवून एखादा शब्द बोलून पाहायचे. बहुतेक वेळा आईचं काहीतरी काढायचे. "भाजीत मीठ नाई." ते काही गिळतच नव्हते, भाजी कुठली आणि मीठ कुठलं. नाकातल्या नळीनं पेज जायची. आई चिडायची आणि मग तोंड वळवून डोळे पुसायची. तिला नळी पाहवत नव्हती. बाकी सगळं तिनं केलं, नळीला मात्र हात लावला नाही.

लांबून बोलवायला आवाज पुरायचा नाही, म्हणून त्यांच्या उशाशी स्टीलचा ग्लास आणि चमचा ठेवला. एसटीची भाषा ठरली. डबल बेल म्हणजे चाल, माझं काम झालं. एक बेल म्हणजे थांब. मी म्हटलं, "बाबा, बोलवायचं असन तरी एकच द्या, मी आपली थांबून तुमच्याकडं पाह्यन." बाबांना हा खेळ आवडला. माझा हात नळी घालताना चुकला की ग्लासावर एक टण् वाजायचा आणि मी थांबायचे. बसमधे बेल माझ्या हातात, घरी त्यांच्या.

गाडीवर मात्र माझं डोकं फिरलेलं असायचं. खर्रा चघळणारा प्रवासी दिसला की मला त्याच्या आईपासून सगळ्यांचा राग यायचा. गोंडपिपरीच्या पुढं एका म्हाताऱ्या भाऊंनी शेजारच्या बाईपुढं पन्नी धरली आणि म्हणाले, "घ्या बाई, नातीनं घोटला हाये." मी पन्नी त्यांच्या हातातून हिसकली आणि खिडकीबाहेर फेकली. भाऊ माझ्याकडं पाहत राहिले, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "काऊन व बाई? काय चुकलं?" त्यांचं तिकीट आधीच फाडलेलं होतं, नाहीतर माझ्या पदरचं फाडलं असतं. पुढच्या थांब्यापर्यंत मी मागच्या सीटवर तोंड लपवून बसले.

घरी येऊन बाबांना विचारायचं होतं. बाबा, हे माझ्या हातानं झालं का? एवढंच. मी जरा कमी मऊ घोटला असता, हात दुखतो म्हटलं असतं, तर तुम्ही सोडला असता का? ते काय बोलणार हे मला माहीत होतं असंही वाटायचं, आणि माहीत नाही असंही. आज विचारते, उद्या विचारते. रोज नळी धुताना जिभेवर यायचं आणि रोज मी भाजीत मीठ कमी असल्याचं ऐकून परत जायचे.

असे सात-आठ महिने गेले. शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन झाले, गाठ थोडी बसली, पुन्हा वाढली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाठ वाढत गेली तर एक दिवस आवाज पूर्ण जाईल, तयारी ठेवा. तयारी काय ठेवतात आवाजाची? मी फक्त ते वाक्य लक्षात ठेवलं.

नळी धुणं आता हाताला सवयीचं झालं होतं. दुसरं काही बोलता बोलता मी ती धुवायचे. हात सरावला की डोळा आळशी होतो. उजेडाकडं धरून पाहणं कधी सुटलं ते मला आठवत नाही. विसळल्यावर त्या भोकापाशी एक थेंब लटकून राहायचा, तो मात्र आठवतो. पाहिला होता मी तो. एकदा नाही, तीन-चार दिवस पाहिला. मनात आलंसुद्धा, की काचेची गोष्ट काचेला, ही आहे धातूची. आणि भोक आहे म्हटल्यावर पाणी तिथं लटकणारच. झटकला आणि नळी गळ्यात घातली.

धानाची कापणी संपली होती, थंडी पडायला लागली होती. एका सकाळी बाबांनी नळीवर बोट ठेवलं आणि आवाज आला नाही. पुन्हा ठेवलं. छाती वर आली, मानेच्या शिरा ताठल्या, डोळ्यांत पाणी आलं, आवाज नाही. मी आणि आईनं एकमेकींकडं पाहिलं. डॉक्टर बोलले होते तो दिवस हाच. दवाखान्यात फोन केला, ते म्हणाले घेऊन या. बाबांनी दोन्ही हात आडवे हलवले. त्यांना आता कुठंच जायचं नव्हतं, आणि त्यांच्या अंगात उठून बसण्याइतकंही काही उरलं नव्हतं. मी रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई शेजारी गेली होती. बाबा जागे होते. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळलं. मी त्यांच्या पलंगाशी खाली बसले आणि इतके दिवस जिभेवर आलेलं एका दमात बोलून टाकलं. "बाबा, खर्रा मी घोटत होती. इतकी वर्षं मीच घोटून देत होती. हे माह्यानं झालं का?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांचं बोट हळूहळू गळ्याकडं गेलं, नळीच्या तोंडावर बसलं, आणि त्यांनी जोर लावला. ओठ हलले. दोन किंवा तीन शब्द असतील. मला ओठ वाचता आले नाहीत. पुन्हा बोट, पुन्हा जोर. चेहरा काळानिळा पडायला लागला. मला ते पाहवेना. मी त्यांचं बोट धरलं आणि गळ्यावरून बाजूला केलं. "राहू द्या, बाबा. नोका त्रास करून घेऊ. समजलं मले."

मला काहीच समजलं नव्हतं.

त्यांनी पाटीकडं हात केला. हीच ती पाटी, खर्रा घोटायची. आता ती लिहायला ठेवली होती. एरवी त्यावर 'पंखा', 'चादर', 'आई कुठी' असं लिहायचे. त्या दिवशी खडू दोनदा सुटला. मी उत्तराची वाट पाहत होते, आणि मोठ्या कष्टानं त्यांनी एकच शब्द लिहिला. बुरुश.

वाटलं, गेलं यांचं भान, कॉलेजात पोचले. डोळे पुसून मी हसले, खिळ्यावरून बुरुश आणला आणि त्यांच्या हातात दिला. "हा पाहा तुमचा बुरुश. इथीच हाये, कुठी नाई गेला."

त्यांनी मान हलवली. नाही, नाही. अंगठा केसांवरून ओढला, मला दाखवला, मग हात पलंगाच्या कडेला नेऊन बुरुश खाली टाकला. मला वाटलं सुटला. मी उचलला, धुतला, पुन्हा हातात दिला. त्यांनी पुन्हा टाकला. मी पुन्हा दिला, आणि या वेळी त्यांची बोटं माझ्या हातानं मिटवून धरली. त्यांनी डोळे मिटले. मग डावा हात चमच्याकडं गेला. ग्लासावर एक बेल. थोडं थांबून पुन्हा एक. मी म्हटलं, "हाये न, बाबा. इथीच हाये मी."

आयुष्य बेल ओढण्यात गेलं माझं. एक बेल म्हणजे थांब, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन सपरीत आलं तेव्हा, बाबा गेले. शेवटपर्यंत श्वास नीट चालला होता. येणाऱ्या प्रत्येकाला आई तेच सांगत होती, पोरीनं नळी लय जपली, कफ अडू नाई देला. अंघोळ घालायच्या आधी मी सवयीनं आतली नळी काढली आणि वाटीत पाण्यात ठेवली. पांढरा सदरा घातला. कॉलेजातले जुने लोक जयभीम करून रांगेनं फुलं वाहत होते. तेवढ्यात मला काय सुचलं, मी न्हाणीपाशी गेले, खिळ्यावरचा बारका बुरुश काढला आणि बाबांच्या सदऱ्याच्या खिशात घातला. एक प्राध्यापक ते पाहून रडले. मलाही वाटलं, आपण बरोबर केलं. ज्याचा त्याच्याबरोबर गेला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक पांगले. घर आवरताना कपाटावर ती वाटी सापडली. पाणी आटलं होतं, नळी तशीच होती. दवाखान्यात परत द्यावी, कुणा गरिबाच्या कामाला येईल, म्हणून धुवायला घेतली. बुरुश नव्हता. तेव्हा पेटीतलं पुडकं आठवलं. नायलॉनचा पांढरा ब्रश, कधी न उघडलेला. तो नळीत घालून फिरवला. विसळलं. भोकापाशी थेंब थांबला.

बाबा असते तर तो थेंब पाहूनच ताडकन उठले असते. मी खिडकीकडं नळी धरली. भोकातून उजेड आला नाही. डोक्यातली पिन काढून हळूच टोचलं, तर आतून एक घट्ट वाळलेला गोळा निघाला, तुरीच्या दाण्याहून लहान. तळहातावर पाण्यानं भिजवला. तो सुटला, आणि त्यातून दोन केस निघाले. आखूड, जाड, काळपट. डुकराचे.

मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले. अंगठा केसांवरून ओढून त्यांनी मला काय दाखवलं होतं ते तेव्हा कळलं. बुरुश केस सोडतो आहे, खिडकी बुजली आहे, तो फेक, दुसरा घे, नळी नीट धू, म्हणजे मला बोलता येईल. त्यांचं भान कुठंही गेलं नव्हतं. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना आवाज हवा होता आणि त्यासाठी ते पायरी-पायरीनं सांगत होते, जन्मभर ज्या कामातलं त्यांना सगळं कळत होतं त्या कामाचं. त्यांनी दोनदा फेकलेला बुरुश मी त्यांच्या मुठीत कोंबला, आणि जाताना खिशात घालून दिला.

काय बोलले असते ते? "नाई" म्हणाले असते, असं आई सांगते. तिला मी प्रश्न सांगितला, केसांचं सांगितलं नाही. कदाचित "हो" म्हणाले असते आणि वर हसले असते. कदाचित भाजीतल्या मिठाचंच काढलं असतं. मला त्यातलं काहीही चाललं असतं.

त्या संध्याकाळी मी नळी पुन्हा एकदा धुतली. न ढकलता, फिरवून. विसळून उजेडात धरली. पाणी सरसर उतरलं, भोकापाशीसुद्धा काही थांबलं नाही. आतून आईनं विचारलं, "झाली काय व साफ?"

मी म्हटलं, "झाली." माझा आवाज तिला ऐकू गेला नाही. तिनं पुन्हा विचारलं.